तिजेचा घास

दाढेत सुई टोचून दंतवैद्यबाईंनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं. म्हणाल्या, दहा मिनिटांत गाल जड होईल, मग बोलावते. गाल जड झाला. मग खालचा अर्धा ओठ गेला, जिभेची डावी कड गेली, आणि माझंच तोंड मला परक्याचं वाटायला लागलं. लाळ गळतेय की नाही हे कळत नव्हतं, म्हणून मी आपली उगाच रुमालानं हनुवटी पुसत होते. सत्तेचाळिसाव्या वर्षी वाशीमच्या पाटणी चौकातल्या दवाखान्यात असं बसणं काही फार शोभेचं नाही. तेवढ्यात आतल्या मुलीनं दारातून डोकं काढून वहीतलं नाव मोठ्यानं वाचलं, "विजयमाला गजेंद्र अवचार, अजून पाच मिनिटं बसा," आणि शेजारी गाल धरून बसलेला माणूस एकदम माझ्याकडे वळला. पंचावन्नच्या आसपासचा, मिशा कातरलेल्या, बाकावरसुद्धा पाठ ताठ. "किन्हीराजाच्या गजेंद्रच्या घरचे का तुमी?" त्यानं विचारलं. मी मान हलवली; किन्हीराजा माझं सासरचं गाव. "मी प्रेमसिंग राठोड. मानोऱ्याकडचा. आमी एकाच पलटनीत होतो, वहिनी. एकाच तंबूत." त्याला मुळी उत्तराची गरज नव्हती, आणि मला देता येत नव्हतं. दाढदुखी विसरून तो बोलत सुटला. पेन्शनीला आल्यापासून तो पोहरादेवीला एका धर्मशाळेची देखरेख करतो, किन्हीराजाला येऊन जायचं दरवर्षी ठरवतो आणि राहून जातं, असं सगळं सांगून झाल्यावर तो त्याच आवाजात म्हणाला, "त्याले मीच खाली आनलं ना. चौघं होतो आमी. दोन दिसापासून खोकत होता, छातीत घरघर करे. मी म्हनलं, बापा, खाली जाय, डॉक्टरले दाखव. तं मने, कायी नाही, झोपलो का बरं वाटते. सामान वर न्याचं होतं, बाकीच्याइले जास्त उचलाव लागंन म्हनून गेला नाही तो. त्या रोजी तं गोळीबी चालली नाही. सकाळचं ऊन पडलं व्हतं. तिथं हवाच नाही, वहिनी, फुफ्फुसात पानी भरते, तगडा मानूस जाते. तुमाले तं सारं मालूमच असंन."

मला काही मालूम नव्हतं. मला सव्वीस वर्षं मालूम होतं ते असं की, कारगिलच्या लढाईत शत्रूच्या गोळ्या छातीवर झेलून माझा नवरा गेला. मी तोंड उघडलं तर नुसता एक ओला आवाज निघाला. प्रेमसिंगला वाटलं मला रडू येतंय. "रडू नका," तो म्हणाला, "तरास नाही झाला त्याले. माह्या मांडीवर डोकं व्हतं." मग आतून त्याचं नाव आलं, आणि तो हात जोडून आत गेला. मी दाढ न काढताच उठले. चौकातून चालताना अर्ध्या चेहऱ्याला ऊन लागत होतं आणि अर्ध्याला लागत नव्हतं. मला आठवतं, मी एका फळवाल्यासमोर बराच वेळ थांबले होते, आणि डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: कायी नाही, झोपलो का बरं वाटते. कारण हे वाक्य माझं होतं. जगात ते मी एकटीनं ऐकलं आहे असं मी समजत होते.

डिसेंबर अठ्ठ्याण्णवची गोष्ट. तो सुट्टीवर आला होता. तेव्हा मी त्याला 'ते' म्हणायची. आता तो म्हणते. तो चोवीस वर्षांचा आहे आणि मी सत्तेचाळीस, माझ्या शाळेत नवे शिक्षक लागतात ते त्याच्यापेक्षा मोठे असतात. त्याला अहोजाहो करणं आता माझ्या जिभेवर येत नाही. तर गव्हाला पाणी देत होतो आम्ही, भर दुपारची वेळ, आणि मी पाहिलं की बारं मोडताना, म्हणजे एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात वळवताना, त्याचे दात वाजताहेत. हात लावला तर अंग तव्यासारखं. मी म्हटलं, घरी चला, मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, सांगते, मालेगावच्या डॉक्टरला दाखवू. तो फावड्यावर हात ठेवून हसला. "कायी नाही, झोपलो का बरं वाटते." पण झोपला कुठं? आम्ही बोरीखाली बसलो, तो थरथरत होता आणि मला पलटणीतल्या आचाऱ्याची नक्कल करून दाखवत होता. सूर्य कलल्यावर पुन्हा उठून शेवटचा वाफा भरला. हा त्याचा स्वभावच. दुखलं-खुपलं सांगायची त्याला लाज वाटायची. आपण पडलो तर दुसऱ्याला आपलं काम करावं लागेल, ही एकच भीती त्याला होती असं मला वाटतं. अकोल्याच्या भरतीत तो उसन्या बुटात धावला, दोन्ही टाचा सोलवटल्या, आणि घरी येऊन आठ दिवस मोजे घालून वावरला, आईला दिसू नये म्हणून. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा मी त्याच्या टाचा पाहायला मागितल्या होत्या. तिथली कातडी अजून गुलाबी होती.

आम्ही दोघं एकत्र राहिलो ते दिवस एकोणसाठ. लग्नानंतरचे एकतीस आणि त्या हिवाळ्यातले अठ्ठावीस. लोकांना वाटतं, एवढ्याशा दिवसांत काय आठवायचं? अहो, एवढेच आहेत म्हणून तर सगळे आठवतात. पहाटे त्याला जाग यायची आणि करायला काही नसायचं, मग तो आंगण झाडून काढायचा. हिरीबाई शेजारीण कुडापलीकडून माझ्या सासूला म्हणायची, "काहो हौसाबाई, सून आनली का जवाई आनला?" जेवायला बसला की पाच मिनिटांत ताट साफ, आणि मग माझा दुसरा घासही झालेला नसायचा म्हणून खजील होऊन बसून राहायचा. शेवटी शेवटी तो मुद्दाम हळू जेवायला शिकला. प्रत्येक घासानंतर हात थांबवायचा आणि माझ्याकडे बघायचा. पांघरूण अशी चौकोनी घडी घालायचा की उलगडायला जिवावर यावं. मलाही शिकवली ती घडी. एकदा काळ्या पेटीतून अननसाच्या फोडींचा बंद डबा काढला, विळ्यानं फोडला, आणि मला म्हणाला डोळे मिट. मी आयुष्यात पहिल्यांदा अननस खाल्ला तो गोठ्यामागच्या तुऱ्हाट्यांच्या कुडाआड, उभ्यानं, विळ्याच्या टोकावरून. पत्रं यायची ती मामाजींच्या नावानं, आणि सगळं घर ऐकणार म्हणून त्यात माझ्यासाठी काही नसायचं. पण जायच्या दिवशी जऊळक्याच्या स्टेशनावर, छोट्या लाईनीची गाडी सुटता सुटता, तो म्हणाला होता, हवापाण्याचं लिहिलं का समज, ते तुले लिहिलं. मग मामाजी मोठ्यानं वाचायचे, "इथं आज ऊन चांगलं पडलं," आणि मी चुलीपुढं लाल होऊन बसायची. मामाजी म्हणायचे, हा पोरगा उन्हाचं काय एवढं लिहिते?

आणि या माणसाला गावानं माझ्याकडून काढून घेतलं. मी हे रागानं लिहीत नाही. म्हणजे, थोडं रागानंच लिहिते. जुलैत पेटी आली, तिरंग्यात, बंद. उघडायची नाही म्हणाले. किन्हीराजात मावेनात इतकी माणसं. एका पुढाऱ्यानं भाषणात सांगितलं की आपल्या गजेंद्रनं छातीवर चार गोळ्या झेलल्या. कुणी त्याला ते सांगितलं होतं देव जाणे. लढाई म्हणजे गोळ्या, एवढाच हिशेब असावा. पुढच्या वर्षी त्या सात झाल्या. स्मारक झालं तेव्हा त्यावरच्या पुतळ्याची छाती अशी काढली की तो माझा नवरा नसून कुणी पहिलवान वाटावा. दर पंधरा ऑगस्टला मी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसते, शाल घेते, नारळ घेते, आणि त्या छातीकडे बघते. इतक्या शाली झाल्या आहेत माझ्याकडे, आणि वाशीमला थंडी किती पडते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या गोळ्या झेलणाऱ्या माणसाला मी हात जोडले, पण तो मला कधी ओळखीचा वाटला नाही. तो कधी खोकला नाही, कधी लाजला नाही. दवाखान्यातल्या बाकावर, तोंड बधिर असताना, मला माझा नवरा परत भेटला. तो तसाच मेला होता जसा तो जगला, दुसऱ्याच्या पाठीवरचं ओझं वाढू नये म्हणून गप्प राहून. मला दुःख झालं, हो. पण खरं सांगते, त्याच्यापेक्षा जास्त आनंद झाला, आणि त्या आनंदाची मला तिथंच रस्त्यावर भीती वाटली.

भीती वाटली कारण घरी आल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. पित्तरपाटा, म्हणजे पितृपक्ष, चालू होता. आज बीज, उद्या तीज, तृतीया. तो गेला ती तिथी जेठ वद्य तीज. जो ज्या तिथीला गेला त्याचं पान पित्तरपाट्यात त्याच तिथीला ठेवायचं, ही आपली साधी रीत. पण शस्त्रानं मेलेल्याला ती लागू नाही. त्याची तिथी कोणतीही असो, त्याला चवदसेलाच, चतुर्दशीलाच, जेवू घालायचं. गावच्या जोशीबुवांनी तेव्हा सांगितलं, गजेंद्र शस्त्रानं गेला, त्याची चवदस. आणि पंचवीस वर्षं आम्ही त्याला चवदसेला जेवू घालत आलो. आता गोळी लागलीच नव्हती, तर चवदस त्याची नव्हतीच. म्हणजे त्याच्या दिवशी तो येऊन उपाशी परत जात होता, दरवर्षी, आणि आम्ही अकरा दिवसांनी पंगत मांडत होतो. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते, चार पुस्तकं वाचली आहेत, पितर कावळ्याच्या रूपानं येतात यावर माझा विश्वास आहे का असं कुणी विचारलं तर मी नीट उत्तर देणार नाही. पण तो उपाशी गेला, हे मला पोटात लागलं.

आणि दुसरं. वर्षश्राद्ध झाल्यानंतरच्या पहिल्या पित्तरपाट्यातली ती पहिली चवदस. मी बावीस वर्षांची. माझ्या माहेरी, रिठदला, माझ्या दुसऱ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. धनराज नावाचे मालेगावचे मास्तर एकदा मला बघून गेले होते. बघून गेले म्हणजे काय, त्यांनी मला विचारलं, तुम्हाला पुढं शिकायचं आहे का, आणि मी हो म्हटल्यावर त्यांनी खिशातून पेन काढून कोणत्या कॉलेजात अर्ज करायचा ते एका कागदावर लिहून दिलं. मला ते आवडले होते. गजेंद्रवर माया होती आणि हेही आवडले होते, दोन्ही एकाच छातीत होतं, आणि मला त्यात काही चूक वाटत नव्हती. पुढच्या आठवड्यात बाबा मला न्यायला येणार होते. त्या चवदसेला गोठ्याच्या टिनावर पान ठेवलं. कढी, वडे, खीर, कोहळ्याची भाजी, त्याच्या आवडीचं सगळं. निंबावर पाच-सहा कावळे. एकही उतरेना. तास गेला. मामाजी म्हणाले, गजेंद्र, वावराची काळजी करू नको. उतरेना. आत्याबाई, म्हणजे माझी सासू हौसाबाई, पदर तोंडाला लावून उभी राहिली. गाव कुडाला टेकून बघत होतं. मग हिरीबाई म्हणाली, "त्याचा जीव कायच्यात अडकला, समजा ना बाप्पा," आणि सगळ्या बायांनी माझ्याकडे पाहिलं. उन्हानं माझं डोकं भणभणत होतं. मी पुढं झाले, हात जोडले, आणि मोठ्यानं म्हणाले, मी दुसरं घर करणार नाही. पहिला कावळा उतरला. बाया रडायला लागल्या, कुणी माझ्या पाया पडलं. बाबा आले तसे परत गेले. धनराज मास्तरांचं पुढं लग्न झालं; मालेगावच्या बाजारात एकदा दिसले, दोन मुली बरोबर होत्या, आम्ही एकमेकांना नमस्कार केला. मामाजींनी मला शिकायला वाशीमला ठेवलं, नोकरी लागली, मी वाईट दिवस काढले असं नाही. पण दिलेला शब्द आहे, असं म्हणून मी कितीतरी गोष्टींवरून नजर काढून घेतली. आणि आता कळत होतं की त्या दिवशी तो आलाच नव्हता. मग मी शब्द दिला कुणाला?

सकाळी सहाची मालेगाव गाडी धरली. शाळेत रजेचा निरोप टाकला. औषध उतरलं होतं आणि दाढ ठणकत होती, पण निदान तोंड माझं होतं. सोयाबीन शेंगांनी लदलं होतं, खिडकीतून तोच तो हिरवा पट्टा. आत्याबाईला कसं सांगायचं, याचा मी वाटेनं विचार करत होते. ऐंशी वर्षांची बाई, मामाजी जाऊन बारा वर्षं झाली, एकटी राहते. वाशीमच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून माझ्याकडे येत नाही. तिचा मुलगा गोळीनं गेला, या एका गोष्टीवर तिची मान ताठ आहे. ती गोष्ट काढून घ्यायची? आणि न सांगावं तर आजची तीजही रिकामी जाणार. मालेगावला गाडी बदलताना दोनदा वाटलं, परत फिरावं, आपल्या गच्चीवर गुपचूप एक पान ठेवावं. पण तो वाशीमला कधी राहिलाच नाही. त्याला माझा पत्ता कुठं माहीत आहे?

किन्हीराजाला घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. घरात कढीच्या फोडणीचा वास होता. मला वाटलं माझ्याच डोक्यात असेल, म्हणून मी चुलीपाशी जाऊन पातेलं उघडून पाहिलं. कढी होती. परातीत चार वडे होते. मी मागच्या दारानं परसात गेले. आत्याबाई कुडाच्या सावलीत पोतं अंथरून बसली होती. समोर न्हाणीच्या दगडावर पळसाचं पान मांडलेलं, आणि त्यावर एक कावळा. ती दचकली नाही.

"आली का," ती म्हणाली. "बस. आवाज करू नको, खाऊन राह्यला."

मी उभीच राहिले. "तुमाले ठाऊक होतं," मी म्हणाले.

"पेटीसंग आलेल्या सुभेदारानं तुह्या मामाजीले सांगतलं. त्याच रोजी. मामाजीनं मले सांगतलं. तवर भाषन होऊन गेल्तं. मंग कोन खोडते? चवदसेचं पान गावाचं, अन् तिजेचं माह्यं."

"दरसाल?"

"दरसाल. ठेवलं का येते. पयल्या सालापासून."

पहिल्या सालापासून. मी ते मनात मोजलं. म्हणजे त्या वर्षी, त्या चवदसेच्या अकरा दिवस आधी, बहुधा मी वावरात असताना, याच परसात तो येऊन जेवून गेला होता. निंबावरचे कावळे का उतरत नाहीत हे त्या सगळ्या गर्दीत एका बाईला माहीत होतं, आणि ती पदर तोंडाला लावून उभी होती. "मंग मले शबद काहून देऊ देल्ला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

आत्याबाईनं पोत्याचा दोरा ओढला. "म्या मांगतला नाही, विजू. पन थांबोलंबी नाही. तुह्ये बाबा पुढच्या हप्त्यात येनार होते. तू गेली असती तं त्याच्याबद्दल बोलाले मले कोन होतं? मामाजी तं त्याचं नावबी घेत नव्हते. तू कपडे घडी करे, त्याच्यावाणी, चौकोनी. मी पाहत बसो."

"माही उमर गेली, आत्याबाई."

"गेली," ती म्हणाली. "म्या खाल्ली."

ती रडली असती, पाया पडली असती, तर मी तिला उठवून पोटाशी धरलं असतं आणि सगळं पुन्हा शालीसारखं घडी होऊन पेटीत गेलं असतं. तिनं तसं काही केलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, काटक्यांसारखे बारीक झालेले हात गुडघ्यांवर ठेवून. मला तिचा राग आला आणि मी तो आवरला नाही, आणि त्याच वेळी मला कळत होतं की एकोणसाठ दिवसांचा माझा हिवाळा-उन्हाळा आणि तिची चोवीस वर्षं, आम्हा दोघींशिवाय हा माणूस आता कुणाजवळच उरलेला नाही. तिला तो एकटीला पुरेना, म्हणून तिनं माझ्याजवळचाही ठेवून घेतला. मला हे समजलं. समजलं म्हणून काही राग कमी झाला नाही.

मी न्हाणीतल्या बादलीतलं पाणी घेऊन हात धुतले, तोंड धुतलं आणि दगडासमोर उभी राहिले. दोन हातांवर तो कावळा, राखी मानेचा, कढीत भिजवलेला भात टिपत होता. मी नवऱ्याचं नाव आयुष्यात कधी तोंडानं घेतलं नव्हतं. कागदावर हजारदा लिहिलं होतं. हात जोडले. कावळा उठून गेला तर काय, असं वाटत होतं.

"गजेंद्र," मी म्हणाले, "म्या चवदसेले देल्लेला शबद वापस घेते. मले आता कोनाशी लगन नाही करायचं. तरी वापस घेते."

कावळ्यानं मान वर केली, एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा वड्याला चोच घातली. पान साफ होईस्तोवर तो उठला नाही.